चिंगीची कात

किसन घोडके एकोणीस वर्षं दोह्यात झुरळं मारत होता, आणि या कामात आपला हात धरणारा कुणी नाही असं त्याचं प्रामाणिक मत होतं. कंपनीचं मत जरा वेगळं असावं, कारण एवढ्या वर्षांत त्याला कुणी सुपरवायझर केलं नाही. पण एखाद्या घरातून तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की मॅनेजरच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "किसन को भेजो." मग किसन पाठीला फवाऱ्याची टाकी अडकवून जायचा, स्वयंपाकघरात शिरून आधी फ्रिजच्या मागे हात घालून ऊब कुठे आहे ते चाचपायचा आणि पाच मिनिटांत झुरळांचा पत्ता सांगायचा. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावी लोक त्याला औषधवाला म्हणत. बायको बबीता मात्र फोनवर सरळ "काय मारेकरी, जेवलाव का?" असं विचारायची.

काम झालं की एक छापील कागद भरायचा असे. कुठला कीटक, कुठे सापडला, काय उपाय केला आणि शेवटी शेरा. किसन तो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, जीभ दाताखाली धरून भरायचा. उपायाच्या रकान्यात एक तर फवारणी, नाही तर झुरळांच्या औषधाचं जेल. तिसरं काही लिहायची वेळ कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तपासणीला गेला की तो फक्त उताणी पडलेली मोजायचा. पालथं दिसलं तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते पळतं. उताणं म्हणजे खलास. कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्याने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

अशा माणसाने टॅरंटुला नावाचा केसाळ कोळी पाळला, हे ऐकून त्याच्या ओळखीचे लोक हसले यात त्यांची काही चूक नव्हती.

झालं असं, की ऑगस्टच्या शेवटी अल हिलालमधल्या एका रिकाम्या फ्लॅटवर त्याला पाठवलं. भाडेकरू घाईघाईत देश सोडून गेलेला. स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकणाला भोकं पाडलेला एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत झाडाच्या सालीचा तुकडा, आणि सालीला लागून वरपर्यंत गेलेली पांढऱ्या जाळ्याची नळी. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं, "पेट. प्लीज फीड." ज्याच्यासाठी लिहिलं तो माणूस आलाच नसावा. इमारतीचा मेंटेनन्सवाला दारातूनच म्हणाला, "मकडी है. मारो, खलास करो." किसनने फवाऱ्याची नळी उचलली. तेवढ्यात जाळ्यातून सुपारीएवढ्या कोळ्याने एक पाय बाहेर काढला, कड चाचपली आणि पाय पुन्हा आत घेतला.

एकोणीस वर्षांत किसनला बघून प्रत्येक प्राणी पळाला होता. हा दार लावून घरात बसला. किसनने चिकटपट्टी पुन्हा वाचली. कुणीतरी याला खायला घालत होतं, आणि आता घालणारं कुणी नव्हतं. त्याने कागदावर कोळी, नग एक, असं लिहिलं आणि उपायाच्या रकान्यात "काढून नेला" असं भरलं. ते खोटं नव्हतं.

तो राहायचा अल थुमामातल्या एका जुन्या व्हिलात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खोलीत त्याचा जोडीदार शहाजी. कराडकडचा, हमद पोर्टवर ट्रेलर चालवणारा, आवाजाने खणखणीत आणि मनाने भित्रा. अकरा वर्षं दोघं एका खोलीत काढत होते, तेव्हा भांडणाचे विषयही ठरून गेले होते.

"ह्ये काय आणलंयस?" शहाजीने डबा बघून विचारलं.

"कोळी हाय. पाळीव."

"तू? तू पाळणार?" शहाजी इतका हसला की खाली अंगणात कपडे वाळत घालणाऱ्याने वर बघितलं.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर किसनने डबा बबीताला दाखवला. ती फोनजवळ डोळा आणून म्हणाली, "अगं बाई, ही चिंगी कुठून धरून आणलाव?" झालं, त्या मिनिटापासून ती चिंगी. मग बबीता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातनं एक तरी जगू द्या." ती थट्टेतच म्हणाली होती, पण किसनच्या ते डोक्यात राहिलं.

चिंगी अंगाने फिकट गुलाबी होती, पायांची टोकं काळी कुळकुळीत, आणि पोटावर काळी नक्षी. तिच्यासाठी किसनने स्वतःला एक नियम घालून घेतला. त्याच्या कामाच्या कपड्यांना औषध लागलेलं असायचं, आणि ते औषध काय करतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तो अंगणातल्या नळावरच हातपाय धुवायचा, कपडे काढून पिशवीत कोंबायचा, खालच्या न्हाणीत साबण लावून अंघोळ करायचा आणि मगच जिना चढायचा. "नवरदेव आलं," असं शहाजी रोज म्हणायचा. सगळ्या दोह्यातली झुरळं ज्याच्या हाताखालून जात, त्याला चिंगीसाठी एकही झुरळ आणता येत नव्हतं, कारण ती सगळी औषधाची. तिचे नाकतोडे तो पक्ष्यांच्या दुकानातल्या अम्मारकडून आणायचा. अम्मारला त्याने विचारलं होतं, ही कुठल्या जातीची? अम्मारने डबा हातात फिरवला आणि हात झटकले. "छोटा है. छोटा सब एक जैसा. बड़ा होगा, तब मालूम, इन्शाल्ला." आणि जात कळल्याशिवाय मी दुकानात ठेवून घेणार नाही, हेही त्याने न विचारता सांगून टाकलं.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग शहाजीने ट्यूबलाइटच्या उजेडात चिंगीचा फोटो काढला आणि पोर्टवरच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर पाच देशांचे ड्रायव्हर होते आणि प्रत्येकाला कोळ्यांतलं सगळं कळत होतं. एक म्हणाला, वाळवंटातला आहे. एक म्हणाला, हा कोळीच नाही, खेकडा आहे. एका फिलिपिनो ड्रायव्हरने लिहिलं, "पिंक टो," आणि सोबत चित्र टाकलं. चित्रातला कोळी काळा, त्याच्या पायांची तेवढी टोकं गुलाबी. चिंगीचं तर बरोबर उलटं होतं. शहाजीने त्या बिचाऱ्याला वेड्यात काढलं. शेवटी कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. झाडावर राहणारा, इंडियन ऑर्नामेंटल नावाचा जहाल कोळी. चावला तर दिवसचे दिवस स्नायू आखडतात. खाली लिहिलेलं, "सेम सेम."

तो व्हिडिओ शहाजीने चारदा बघितला. चिंगीही जमिनीवर न राहता सालीवर चढून राहायची. आता त्याची खात्री पटली.

"किसन्या, माझ्या उशाशी ठेवलीयस तू ती," तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "माझा हात आखडला तर ट्रेलर कोण वढंल? घरात चार माणसं माझ्या हातावर हायत."

"झाकण पक्कं हाय की रं."

"ती काय तुला इचारून भाईर येणाराय? पुढच्या शुक्रवारपत्तुर तिची जात दाखीव मला. इषारी नसली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर तूच औषध मार. तुझं कामच हाय ती."

किसनला राग आला, पण शहाजीचं काही चुकत नव्हतं. माणूस भित्रा असला तरी भीती खोटी नव्हती. आणि खरी गोष्ट अशी, की किसनला चिंगीचा लळा लागला होता. जेवायला बसण्याआधी तो डब्याशी उभा राहून दोन मिनिटं बघायचा. चाळीशी ओलांडलेल्या, मिशा पिकायला लागलेल्या माणसाने हे कुणाला सांगावं? त्याने सांगितलं नाही. पण आपल्या हाताने तिच्यावर औषध मारायचं, या विचाराने त्याला त्या दिवशी भात गेला नाही.

त्यात चिंगीनेही खाणं सोडलं. नाकतोडा समोर ठेवला की ती पाय आखडून मागे सरायची. दोन दिवस झाले, चार दिवस झाले. तिला कळलं की काय, असं किसनला वाटायला लागलं.

बुधवारी त्याची फेरी पूर्णिमा मॅडमकडे होती. मॅडम नाशिकच्या, अल हिलालला राहायच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. दर तीन महिन्यांनी किसन त्यांच्या स्वयंपाकघरात जेल लावायचा, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या घरात पाच मिनिटं जास्त रेंगाळायचा. त्याने फोटो दाखवला. मॅडमनी चष्मा वर ढकलून बराच वेळ बघितला.

"किसनभाऊ, या फोटोत मला कोळ्यापेक्षा तुमच्या ट्यूबलाइटचाच उजेड जास्त दिसतोय," त्या म्हणाल्या. "पण एक खूण आहे. अमेरिकेकडच्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात, कुणी त्रास दिला तर ते केस कामी येतात. त्यांचं विष सौम्य. आपल्याकडच्या, आशियातल्या कोळ्यांना ते केस नसतात. त्यांचा सगळा भरवसा चावण्यावर."

"मग केस हायत का बघायचं, एवढंच ना?"

"एवढंच. पण सूक्ष्मदर्शकाखाली. जिवंत कोळी काय भिंगाखाली बसून राहणार आहे? बघू. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन या डबा, काहीतरी युक्ती करू."

किसन हलक्या पावलाने परतला. निदान दार तरी उघडलं होतं.

गुरुवारी त्याने आयुष्यातली मोठी चूक केली. एका हॉटेलच्या भटारखान्यात दुपारभर फवारणी करून तो परतला तो घामाने निथळत. अंगणातला नळ उघडला तर नुसता फुस्स आवाज. पाण्याचा टँकर आला नव्हता. वरून टॉवेल आणू आणि शेजारच्या व्हिलात अंघोळ करू, असं म्हणून तो जिना चढला. खोलीत शिरताच नजर डब्याकडे गेली. आतली बाजू कोरडी ठणठणीत. रोजच्या सवयीने हात पुढे झाला, त्याने झाकण उघडलं आणि ड्रॉपरने सालीवर पाण्याचे चार थेंब सोडले. मग वास आला. औषधाचा तो ओळखीचा गोडसर वास, त्याच्याच बाहीतून, उघड्या डब्याच्या बरोबर वर.

त्याने झटकन झाकण लावलं. काही होणार नाही, असं त्याने स्वतःला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याला ते पटलं नाही.

शुक्रवारी सकाळी उठल्या उठल्या तो डब्याशी गेला. नळीच्या तोंडाशी जाळ्याची पातळ चटई अंथरलेली होती आणि तिच्यावर चिंगी उताणी पडली होती.

किसन खाटेवर बसला. त्याने डब्यावर टिचकी मारली नाही, हाक मारली नाही. उताणं म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्याने दोन्ही हात नाकाशी नेऊन वास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शहाजी ब्रश तोंडात घेऊन आत आला. बघून तोही थबकला. त्याला हवं होतं तेच आयतं झालं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. "मी आसं म्हणलो न्हवतो लेका," तो हळूच म्हणाला. "जात कळली तर ऱ्हाऊ दे म्हणलो हुतो."

"तुजं काय न्हाई त्यात. माज्याच हातानं गेली."

अंगणाच्या कोपऱ्यात एक कडुनिंब होता. चिंगीला कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, एवढं किसनने ठरवलं. तो चमचा आणि डबा घेऊन खाली उतरला. ऑक्टोबर लागला होता तरी दहाच्या आत ऊन तापायला लागलं होतं. झाडाच्या सावलीत बसून त्याने चमच्याने चार बोटं खोल खड्डा केला. खडे वेचून बाजूला काढले. डोक्यावरून विमान उतरत गेलं, त्याचा आवाज विरेपर्यंत थांबला. मग झाकण उघडलं आणि डबा वाकडा करणार तोच त्याचा हात आपोआप थांबला.

एकोणीस वर्षं मेलेले कीटक बघितलेला डोळा होता तो. मघाशी रडण्याच्या नादात तो नीट बघायला विसरला होता, आता बघत होता. झुरळ उताणं पडतं, मुंगळा पडतो, बरोबर. पण कोळी? मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळतात, मुठीसारखे मिटून जातात. लहान असो, मोठा असो, औषधाने मेलेला असो की उपाशी. फ्रिजमागून, माळ्यावरून, गोदामातून त्याने हजारांनी झाडले होते, आणि पाय पसरून मेलेला कोळी त्याने एकदाही बघितला नव्हता.

चिंगीचे आठही पाय सैल पसरलेले होते.

"शहाजी!" तो ओरडला आणि स्वतःच्या ओरडण्याने घाबरून कुजबुजला, "शहाजी, खाली ये. पाय मिटले न्हाईत."

त्याने एका हाताने डबा जमिनीवर सपाट धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पूर्णिमा मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून मॅडम इतक्या मोठ्यांदा बोलल्या की ते शहाजीलाही ऐकू गेलं.

"हात लावू नका! किसनभाऊ, ती कात टाकतेय. टॅरंटुला उताणे पडूनच कात टाकतात. म्हणूनच खात नव्हती ती! आता तिचं अंग लोण्यासारखं मऊ असेल, धक्का लागला तर मात्र खरंच जाईल. कुठे आहे ती?"

"झाडाखाली."

"झाडाखाली कशाला?"

किसनला खड्ड्याचं सांगायचा धीर झाला नाही. "जरा... हवेला," तो म्हणाला.

"उन्हात नको. अगदी हळू आत न्या, सपाट ठेवा आणि विसरून जा. पंखा नको, टेबलाला हादरा नको."

आता आली का पंचाईत! खड्ड्यापासून खोलीपर्यंत अठरा पायऱ्या, एक वळण आणि दोन दारं. किसनने डबा दोन्ही हातांनी उचलला. त्याची नजर चिंगीवर खिळलेली, पायाखालचं काही दिसेना. तेव्हा शहाजी पुढे झाला आणि उलट्या पावलांनी जिना चढत, चाळीस फुटी ट्रेलर मागे घ्यायला लावतात तसा दोन्ही हात हलवायला लागला.

"ये... ये... ये... डावीकडं घे थोडं. पायरी हाय. ये... वळीव, वळीव... थांब! दार उघडू दे." त्याचा तो खणखणीत आवाज त्याने कुठे दडवला होता कोण जाणे, कुजबुजण्यापलीकडे तो गेला नाही. "आता सरळ. ये... ये... टेकीव. हळू. खलास."

डबा टेबलावर टेकला. चिंगी होती तशीच होती.

पण टेबल थरथरत होतं. खिडकीतला जुना एसी सुरू झाला की भिंत, टेबल आणि शहाजीचे दात सगळंच हलायचं. दोघांनी एसीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. खोलीत ऑक्टोबरच्या दुपारी एसीशिवाय बसणं म्हणजे काय, हे दोह्यात राहिलेल्याला सांगायला नको. किसन बोलायच्या आत शहाजीने उठून बटण बंद केलं.

"मला कायबी हुत न्हाई," असं म्हणून तो बनियन काढून फरशीवर पसरला. पुढले तीन तास तो घामाने भिजला, दोनदा डोकं पाण्याखाली धरून आला, पण बटणाला त्याने हात लावला नाही. किसन खुर्चीवर गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

बाराच्या सुमाराला चिंगीची पाठ एका कडेने उलगडली. मग पाय. एकेक पाय जुन्या मोज्यातून ओढून काढावा तसा ती ओढत होती. मध्येच थांबायची, आणि ती थांबली की किसन खुर्चीतून पुढे वाकायचा. एक पाय फार वेळ अडकला. "वढ की," शहाजी फरशीवरून म्हणाला. "वढ गं बया." तिने ओढला. दीडच्या आसपास डब्यात दोन चिंग्या दिसत होत्या. एक पोकळ, चुरगळलेली, बाजूला पडलेली. आणि दुसरी ओली, गुलाबी, आधीपेक्षा थोरली. थोड्या वेळाने ती वळली आणि पालथी झाली.

किसनने तोंडावरून हात फिरवला. तो हसत होता. आपण तिला मारलं नाही. आपल्या हाताने ती गेली नाही. हेच त्याच्या मनात फिरत होतं. गावाकडचं घर आणि बबीता सोडली, तर कुणाचं काही बरं झाल्याचा एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

"जात कुठं कळली अजून?" शहाजी म्हणाला, पण म्हणताना त्याने मान दुसरीकडे वळवली.

पाच वाजता किसन पूर्णिमा मॅडमकडे पोचला. चिंगी खोलीतच होती; लांब चिमट्याने अलगद उचललेली कात तेवढी त्याने जेलच्या नव्या कोऱ्या डबीत, कापूस घालून आणली होती. मॅडमनी शाळेतला सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवला होता. "ही तर तुम्ही युक्तीच आणलीत," डबी उघडून त्या म्हणाल्या. "आता जिवंत कोळ्याला धरून बसवायला नको." साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून त्यांनी चुरगळलेलं पोटाचं कातडं सुईने उलगडलं, काचेवर पसरलं आणि भिंगाला डोळा लावला. एक मिनिट गेलं. किसन उभाच होता. बसा म्हटलेलं त्याला ऐकू आलं नव्हतं.

"बघा," मॅडम बाजूला झाल्या.

त्याने डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग त्या उजेडात बारीक, दाट, काटेरी केसांचं शेत.

"हायत?" त्याने विचारलं. दिसत होतं तरी विचारलं.

"आहेत. ही आपल्याकडची नव्हे. झाडावर राहते, असे केस आहेत, अंग गुलाबी, पायांची टोकं काळी. किसनभाऊ, ही पिंक टो. दक्षिण अमेरिकेतली."

"पण मॅडम, त्याचं तर उलटं असतंय. आंग काळं आन् नखं गुलाबी. एका फिलिपिनो डायव्हरनं चित्र टाकलं हुतं."

मॅडम हसल्या. "मोठेपणी. लहान असताना बरोबर उलटं असतं. वाढता वाढता एकेका कातीबरोबर रंग फिरत जातो. तुमचा तो ड्रायव्हर सगळ्यांत शहाणा निघाला." मग त्या जरा गंभीर झाल्या. "हातावर खेळवू नका हं. चावली तर गांधीलमाशीसारखं दुखेल. पण त्यापलीकडे भ्यायचं कारण नाही."

किसन खुर्चीवर बसला. मॅडमनी चहा आणला, तो त्याने बशीत ओतून दोन घोटांत संपवला, आणि मग आपण हे कुणाच्या घरी करतोय ते ध्यानात येऊन लाजला. निघताना त्याने मॅडमकडून ते नाव कागदावर इंग्रजीत लिहून घेतलं.

खोलीवर शहाजी वाट बघत जिन्यातच उभा होता. किसनने केस, रंग, गांधीलमाशी, सगळं सांगितलं. शहाजीने ऐकून घेतलं, मोबाइल काढला आणि ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर त्या फिलिपिनो माणसाला "सॉरी ब्रदर" असं लिहिलं. मग डब्याशी वाकून म्हणाला, "बया, लै घाम काढलास."

किसनने पिशवीतून कंपनीचा एक कोरा कागद काढला. टेबल हलायला नको म्हणून फरशीवर बसला आणि जीभ दाताखाली धरून लिहायला लागला. कीटक: पिंक टो टॅरंटुला, नग एक. ठिकाण: अल थुमामा, आमची खोली. पुढच्या रकान्यावर पेन आलं आणि थांबलं. तो तसाच सोडून किसन शेऱ्यावर गेला.

"शेऱ्यात काय लिहू?"

"लिही, एसी हळू लावणे," शहाजी म्हणाला. "आन् उशाकडनं पायताला हलीवणे."

किसनने दोन्ही लिहिलं. मग तो मोकळ्या रकान्याकडे परत आला. तिथे आजवर त्याने हजारो वेळा फवारणी लिहिलं होतं, हजारो वेळा जेल, आणि आज सकाळी चिंगीचाही रकाना आपल्याच बाहीवरच्या औषधाने भरला असं समजून तो झाडाखाली खड्डा खणत बसला होता. वर टेबलावर चिंगीने नळीतून एक नवा गुलाबी पाय बाहेर काढला, कड चाचपली आणि आत घेतला.

उपाय, या शब्दापुढे किसनने ठळक अक्षरांत लिहिलं, "गरज नाही," आणि कागद डब्यावर चिकटवला.